गेट पडलं होतं

१

रजिस्टर नाहीसं झाल्याची बातमी घेऊन बजाबाई रविवारी दुपारी माझ्या दारात उभी राहिली, तेव्हा मी नुकताच आडवा झालो होतो. निवृत्त माणसाला दुपारी झोपू द्यायचं नाही असा या शहरात काही तरी नियम असावा.

“कंट्रोलरसायेब, उटा. रजिस्टर गेलं.”

“कुठलं रजिस्टर?”

“गेटचं. परवा सुनावनी हाय, आन् कपाट मोकळं.”

मी उठून बसलो. त्या रजिस्टरवर काय अवलंबून आहे हे मला ठाऊक होतं, म्हणून जास्तच चिडलो.

मी शिवानंद. शहर बसच्या स्टँडवर एकतीस वर्षं कंट्रोलर होतो. कंट्रोलर म्हणजे खिडकीत बसून गाड्या सोडायच्या, आणि त्या वेळेवर का आल्या नाहीत याच्या सबबी लिहून घ्यायच्या. पंक्चर, मोर्चा, रस्त्यात बसलेली म्हैस. एका ड्रायव्हरचे सासरे माझ्या कारकिर्दीत चार वेळा वारले. त्याच स्टँडवर बजाबाई भुईमुगाच्या शेंगा विकायची. आता तिनं पंचाहत्तरी गाठली आहे, गुडघे गेलेत, आणि ती घमेल वस्तीच्या समाजमंदिराची देखभाल करते. कोणी खोटं बोलतंय असं वाटलं की वस्तीतली माणसं माझ्याकडे येतात. म्हणजे महिन्यातून दोनदा.

घमेल वस्ती रेल्वेलाइनच्या पलीकडे आहे. लाइन टाकताना ज्या बायामाणसांनी डोक्यावरून खडीची घमेली वाहिली, त्यांना काम संपल्यावर लाइनीच्या पलीकडेच राहा म्हणून सांगितलं, कारण अलीकडे त्यांना घर कोण देणार. तेव्हापासून या शहरात जे जे रस्त्याचं काम झालं ते वस्तीच्या अंगावरून गेलं, पण वस्तीत काही आलं नाही. दक्षिणेला बायपास झाला, त्याचा भराव मध्ये आला. उत्तरेला मोठं गटार झालं, त्यावर पूल झाला नाही. शहरात यायला उरलं एक रेल्वेगेट. आता डोक्यावरून उड्डाणपूल चाललाय, आणि पूल झाला की गेट कायमचं बंद. त्याऐवजी वस्तीला लोखंडी जिना मिळणार होता. बेचाळीस पायऱ्या वर, बेचाळीस खाली. त्यावरून ॲम्ब्युलन्स कशी न्यायची हे कोणी सांगत नव्हतं.

सुनावणी अधिकाऱ्यांनी एक दार मात्र किलकिलं ठेवलं होतं. गेटमधून पूर्वी सार्वजनिक वाहतूक होती, तो सार्वजनिक रस्ता होता, असा कागद दाखवा, मग जिन्याऐवजी भुयारी मार्ग द्यावाच लागेल. आणि तो कागद शुक्रवारी सापडला होता. जुने गेटमन महिपती यांचं रजिस्टर. त्यात १९६१ पासून गेटमधून रोज जाणारी नऊ नंबरची बस टिपलेली होती. माझ्या खात्यातले तेव्हाचे कागद नियमाप्रमाणे केव्हाच निकाली निघालेले, त्यामुळे एवढा एकच पुरावा.

“कुलूप कोणी तोडलं?” मी विचारलं.

“कुनी न्हाय,” बजाबाई म्हणाली. “किल्ली खिळ्यालाच हाय. ज्यानं नेलं त्यानं कुलूप लावून किल्ली जागच्या जागी ठिवलीया.”

२

दारात सयाजीची रिक्षा उभी होती. सयाजी महिपतींचा मुलगा. गिरणी बंद पडल्यापासून रिक्षा चालवतो, वय एकसष्ट, वस्तीच्या समितीचा सचिव. “दोन दिस रिक्षा तुमच्या सेवेला,” तो म्हणाला. मी मागे बसलो. सीट इतकी टणक होती की गेटपर्यंत पोचेतो पाठीनं बोंब मारली.

समाजमंदिरात बाबासाहेबांच्या मोठ्या तसबिरीमागे खिळा होता आणि त्याला कपाटाची किल्ली.

“ही जागा कोणाकोणाला माहीत आहे?”

“समद्या वस्तीला,” बजाबाई म्हणाली.

“मग कुलूप कशाला लावता?”

“उघडं ठिवलं तर बरं दिसतं व्हय?”

मी पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर वेळेचा हिशेब लावला. बजाबाईनं सतरंज्या काढायला साडेदहाला कपाट उघडलं, तेव्हा रजिस्टर होतं. बारा वाजता समितीची बैठक होती. बैठकीत सगळ्यांसमोर कपाट उघडलं, तेव्हा नव्हतं.

“मधे तू कुठे होतीस?”

“चहाची साखर आनाया पल्याड गेल्ते. येताना गेट पडलं व्हतं. तितंच खोळंबले.”

“आणि तू?” मी सयाजीला विचारलं.

“मीबी शहरातच की. साडेअकराला गेटावर आलो तर मालगाडी. त्रेपन्न डबे. मग उलट्या बाजूनं आनखी एक. बारा धा झाले हितं यायला.”

बैठकीला वेळेवर आलेली एकटी उत्कर्षा. ही नातेपुत्याची मुलगी, इथं आर्किटेक्चर शिकते, आणि घमेल वस्तीच्या रस्त्यांवर प्रबंध लिहिते आहे. समाजमंदिरातल्या जुन्या पत्र्याच्या ट्रंकेत रजिस्टर तिलाच सापडलं.

“फोटो काढलेस ना?” मी विचारलं.

“काढले. पहिल्या अकरा पानांचे.”

“रजिस्टरला पानं किती?”

“दोनशेच्या वर असतील. कागद फार नाजूक होता, काका. सोमवारी नीट स्कॅन करणार होते.”

डोशाचे चार बाजूंनी फोटो काढणाऱ्या पिढीला दोनशे पानांचं एक रजिस्टर टिपता येऊ नये, याचा मला मनापासून संताप आला. मी तसं बोललोही. ती खाली मान घालून उभी राहिली, मग मला वाईट वाटलं, आणि त्याचाही राग आला.

“शनिवारी संध्याकाळी समितीसमोर तू काय वाचलंस?”

“पहिली दोन पानं. सगळे खूश झाले. मग मी म्हटलं, माझा एक प्रश्न राहिलाय, तो सोमवारी शोधणार. नऊ नंबरची बस एप्रिल १९७४ मध्ये एकाएकी बंद का झाली? सयाजीकाकांना विचारलं, त्यांचे वडीलच गेटवर होते ना. ते म्हणाले, डिझेल महागलं म्हणून.”

बजाबाई सतरंजीची घडी घालत होती. ती तशीच थांबली.

“डिजेल न्हाय. माजा मालक गेला त्या बशीत,” ती म्हणाली. “मालधक्क्यावर पाठीवर पोतं पडलं व्हतं. रातभर घरात कळ काढली. सकाळी बशीत घातला दवाखान्यात न्यायला. गेटात मालगाडी उभी. चाळीस मिंटं. तितंच जीव गेला. त्येच्या चौथ्या दिशी बस बंद झाली.”

सयाजी बाहेर जाऊन रिक्षा पुसायला लागला.

३

सोमवारी सकाळपर्यंत अख्ख्या वस्तीनं चोर ठरवून टाकला होता. दिग्विजय. पुलाच्या ठेकेदार कंपनीनं लोकांची समजूत घालायला नेमलेला तरुण. तो येताना पेढे आणि रंगीत पत्रकं आणायचा. पेढे सगळ्यांनी खाल्ले होते, तरीही चोर तोच.

“मग मला कशाला उठवलं?” मी सयाजीला म्हटलं. “पोलिसात द्या.”

“पुरावा नको व्हय, सायेब?”

आधी ईरप्पाला गाठायचं ठरवलं. गेटला लागूनच त्याचं हार्डवेअरचं दुकान. मूळचा मंद्रूपचा, घरात कन्नड बोलणारा, तोही समितीत. आणि पुलाचा उतार जिथे संपणार तिथे त्याचा प्लॉट आहे, हे त्यानं समितीला कधी सांगितलं नव्हतं.

दुकानापुढे पोचलो आणि रिक्षाचं मागचं चाक बसलं. हे व्हायचंच होतं. सयाजी उतरला, चाकाकडे बघितलं आणि ईरप्पाला म्हणाला, “अण्णा, जॅक आन् पाना द्या की जरा.”

ईरप्पानं दिला, पण कपाळाला आठ्या घालून. तेवढ्यात मी त्याच्या स्टुलावर बसलो.

“हेळरी ईरप्पा, सांग, काल बैठकीला उशीर का झाला?”

“गेट पडलं होतं की हो.” त्यानं उदबत्ती फिरवत सांगितलं. “शहरात गेलो होतो, पाहुण्याकडं. येताना गेट. आमच्या नशिबाला गेटच हाय.”

“कोणता पाहुणा?”

“तुमी वळखणार नाही.”

“प्लॉट तुझ्या नावावर आहे की पाहुण्याच्या?”

उदबत्ती थांबली. “कंट्रोलर, तुमी रजिस्टर शोधा. माझा प्लॉट हरवला नाही.”

एकतीस वर्षांत मी एक गोष्ट शिकलो. खरी सबब सांगणारा माणूस तुमच्याकडे बघून सांगतो, कारण त्याला तक्रार करायची असते. खोटी सांगणारा हाताला काम शोधतो. ईरप्पाला उदबत्ती होती. काल बजाबाईला सतरंजी होती आणि सयाजीला रिक्षा. आता तिघांवरही संशय घ्यायचा म्हणजे माझ्या एका दिवसात कसं बसणार, असा विचार करत मी चाक बदलून व्हायची वाट बघत बसलो.

दिग्विजयला मात्र शोधावं लागलं नाही. तो स्वतःच पत्रकांचा गठ्ठा घेऊन मोटारसायकलवरून आला आणि मला नमस्कार करून म्हणाला, “सर, मी काल इथे होतो हे मी नाकारत नाही.”

४

“किती वाजता आलास?” मी विचारलं.

“पावणेबारा. पत्रकं वाटली, अर्ध्या तासात गेलो. समाजमंदिरात पाय ठेवला नाही. किल्ली कुठे असते तेही मला माहीत नाही.”

“गेटवर किती वेळ थांबलास?”

“थांबलो नाही. उघडंच होतं. सरळ आलो.”

मला वाटलं, सापडला. तीन माणसं सांगतात गेट पडलं होतं आणि हा म्हणतो उघडं होतं. परगावचा माणूस, त्याला काय ठाऊक. मी त्याला तिथेच थांबायला सांगितलं आणि भर उन्हात रूळ ओलांडून गेटमनच्या खोलीकडे गेलो.

आताचा गेटमन शिवयोगी हा अक्कलकोटकडचा, सरळ माणूस. दुसऱ्याच्या भांडणात पडायचा त्याला मनस्वी कंटाळा.

“काल साडेअकरा ते बारा गेट किती वेळ बंद होतं?”

“काल?” त्यानं फळ्याकडे बोट दाखवलं. खडूनं लिहिलेलं होतं, रविवार, ब्लॉक, दहा ते दोन. “पुढं रूळ बदलायचं काम होतं. दहा ते दोन एकपण गाडी नाही. गेट वरच होतं की. मी शेंगा खात बसलो होतो.”

“नक्की?”

“चार तास, कंट्रोलर. असा आराम वर्षातनं एकदा मिळतो.”

मी त्याच्या बाकावर बसलो. घमेल वस्तीतल्या माणसाला उशीर का झाला हे कोणी कधी विचारत नाही, आणि विचारलंच तर उत्तर ठरलेलं. शाळेत उशीर, कामावर उशीर, लग्नाच्या अक्षतांना उशीर, गेट पडलं होतं. गिरणीतले मुकादमसुद्धा ते ऐकून हजेरी लावायचे. शंभर वर्षांत त्या सबबीला कोणी पुरावा मागितला नव्हता, म्हणून ती सांगताना कोणी विचारही करत नव्हतं. तोंड उघडलं की बाहेर पडायची. आणि नेमकं काल, ज्या दिवशी गेट चार तास उघडं होतं, त्या दिवशी तीन शहाण्या माणसांनी मला ती सांगितली.

खरं बोलला होता तो एकटा दिग्विजय. वस्तीच्या तिन्ही माणसांनी मला खोटं सांगितलं होतं.

५

मी तिघांनाही एकत्र बोलावून ओरडणार होतो, पण तसं केलं की तिघंही एकाच वेळी रडतात आणि काही कळत नाही. म्हणून एकेकाला धरलं.

ईरप्पाचा निकाल दिग्विजयनंच लावला. “सर, ते माझ्याबरोबर होते. स्टेशनसमोरच्या हॉटेलात, दहा ते साडेअकरा. प्लॉट कंपनीला भाड्यानं द्यायचं बोलणं चाललं होतं. मग त्यांचे दोन मित्र भेटले, ते तिथेच बसले.” हॉटेलवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, ईरप्पा पावणेएकपर्यंत भजी खात बसला होता. ईरप्पाला हे सांगितल्यावर त्याचा चेहरा पडला. समितीत बसून गेट वाचवायचं आणि हॉटेलात बसून ते बंद झाल्यावरचं भाडं ठरवायचं. असल्या माणसाला काय म्हणावं हे मला आजही सुचलेलं नाही. पण रजिस्टर त्यानं नेलेलं नव्हतं.

बजाबाईचा निकाल शेजारच्या अक्षतानं लावला. “मावशी? त्या आमच्याकडं टीव्ही बघत होत्या की. अकरा ते बारा, मालिकेचे आठवड्याचे भाग एकदम लागतात.”

“साखर?” मी बजाबाईला विचारलं.

“साखर घरातच व्हती,” ती म्हणाली. “म्हातारपनी टीवी बगत बसले म्हून सांगू व्हय चारचौगात?”

उरला सयाजी. पण सयाजी तर सचिव. सुनावणीसाठी दोन वर्षं त्यानं रिक्षाचा धंदा बुडवून कचेरीच्या पायऱ्या झिजवलेल्या. ज्या रजिस्टरनं वस्ती जिंकणार, ते तो का नेईल?

तरी दोन गोष्टी डोक्यातून जात नव्हत्या. दोघांनी मला नुसतं ‘गेट पडलं होतं’ म्हणून सांगितलं. सयाजीनं त्रेपन्न डबे मोजून दिले. न आलेल्या गाडीचे डबे मोजणारा माणूस सवयीनं बोलत नाही, तो सावरून बोलत असतो.

दुसरी गोष्ट चाकाची. एकतीस वर्षं स्टँडसमोर रिक्षा बघतोय मी. कुठलाही रिक्षावाला पाना, जॅक, फडकं, देवाचा अंगारा, सगळं मागच्या सीटखाली ठेवतो. चाक बसलं की पहिलं काम सीट उचलणं. सयाजीनं सीटला हात न लावता ईरप्पाकडे मागितलं. आणि ती सीट दोन दिवस माझ्या पाठीचा जीव घेत होती.

मी बाहेर आलो. सयाजी रिक्षाला टेकून उभा होता.

“सीट उचल,” मी म्हणालो.

६

तो नाही म्हणाला नाही. त्यानं सीट उचलली. खाली पोत्यात गुंडाळलेलं रजिस्टर होतं, पान्याच्या बाजूलाच. दोन दिवस मी त्याच्यावर बसून त्याला शोधत हिंडत होतो. असा बावळटपणा माझ्या नावावर आयुष्यात दुसरा नाही, आणि तो सयाजीनं शांतपणे होऊ दिला याचा राग वेगळा.

“का?”

त्यानं पान काढून दिलं. त्याला शोधावं लागलं नाही. एप्रिल १९७४. महिपतींचं पेन्सिलीतलं ठसठशीत अक्षर.

‘सकाळी ७.५० ते ८.३० गेट बंद. बस नं. ९ पलीकडून आली ती अडकली. गाडी नव्हती. बदली माणूस आला नाही म्हणून मी काल सकाळपासून ड्युटीवर. मी झोपलो होतो. बसमधील एक इसम मयत.’

“मालगाडी नव्हतीच,” मी म्हणालो.

“न्हाय. आबांनी वस्तीत मालगाडी सांगितली. मरताना मला खरं सांगितलं.” सयाजी रिक्षाच्या पायरीवर बसला. “माजी आई मी सात वर्साचा असताना गेली, सायेब. त्येच्यानंतर बजामावशीनं भाकरी घातली मला. तिचा मालक गेला त्या रातीबी घातली. मंगळवारी हे समद्यांपुढं वाचायचं म्हंता. कसं वाचू?”

“पोरीनं नुसती सुरुवातीची पानं वाचली असती.”

“ती हेच पान हुडकनार व्हती.”

“जाळून का नाही टाकलंस?”

“आबांचं अक्षर हाय,” तो म्हणाला.

मी त्याच्यावर ओरडायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात पानाच्या खालचा भाग बघितला. निळ्या शाईत इंग्रजी, खाली सही, गोल शिक्का. रेल्वेच्या निरीक्षकानं चौकशीला येऊन तिथेच शेरा मारला होता. महापालिकेची बस प्रवाशांसह सार्वजनिक रस्त्यावर चाळीस मिनिटं अडकली, गेटमन दोषी, असा.

मी पहिल्यापासून सगळी पानं उलटली. दोनशे बारा पानांत दुसरी सही नव्हती. बाकी सगळी नुसती पेन्सिल. अधिकारी म्हणाला असता, हे कोणीही घरी बसून लिहील. सार्वजनिक रस्ता हे शब्द, सही आणि शिक्का, तिन्ही एकाच पानावर होते.

“सयाजी, भुयारी मार्ग या पानात आहे. बाकीच्या वहीची किंमत शून्य.”

त्यानं सीट परत जागेवर बसवली.

“आज संध्याकाळी बजाबाईला तू स्वतः सांग. तिला सुनावणीत सगळ्यांबरोबर कळता कामा नये. सांगशील?”

“सांगतो,” तो म्हणाला.

७

मंगळवारी अकराची सुनावणी पावणेबाराला सुरू झाली. वस्तीतली साठ-सत्तर माणसं आली होती. ईरप्पा शेवटच्या रांगेत, दिग्विजय कंपनीच्या वकिलाशेजारी. बजाबाई पुढच्या खुर्चीवर बसली होती. तिनं सयाजीकडे बघून पदरातली शेंग त्याच्या हातात दिली, “खा, सकाळपासनं काय खाल्लं न्हाईस,” म्हणाली. यानं सांगितलेलं नव्हतं.

“सांगितलंस का?” मी दबक्या आवाजात विचारलं.

“काल त्यांच्याकडं पाव्हने आल्ते.”

सबब. शेवटच्या क्षणापर्यंत सबब. मला त्याची मान धरून हलवावीशी वाटली.

उत्कर्षानं रजिस्टर पुढे ठेवलं. वकिलानं पहिली पानं चाळली आणि अपेक्षेप्रमाणे म्हणाला, “पेन्सिलीचं खाजगी लिखाण आहे, साहेब.” मग मी उठून ते पान उघडून दिलं. अधिकाऱ्यांनी शिक्का बघितला, चष्मा पुसला, पुन्हा बघितला.

“वरचं अक्षर कोणाचं आहे?”

“माज्या वडलांचं,” सयाजी म्हणाला.

“वाचा. नोंदीत घ्यायचंय.”

सयाजी उभा राहिला. बस नंबर नऊपर्यंत नीट वाचलं. पुढे त्याचा आवाज खाली गेला, ओठ हलत होते आणि टेबलापर्यंतसुद्धा काही पोचत नव्हतं. अधिकारी पुढे वाकले. मागून कोणी तरी काय म्हंतोय, काय म्हंतोय करायला लागलं.

बजाबाई पुढच्या खुर्चीवर होती. तिला ऐकू आलं होतं. ती दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून उठली.

“मोठ्यानं वाच,” ती म्हणाली. “मागच्यास्नी ऐकू येत न्हाय.”

सयाजीनं मान वर केली नाही. त्यानं पहिल्या शब्दापासून पुन्हा वाचलं, मोठ्यानं. गाडी नव्हती. मी झोपलो होतो. बसमधील एक इसम मयत.

वकील म्हणाला, “बसमध्ये प्रवासी होते याला दुसरा साक्षीदार?”

“मी व्हते,” बजाबाई म्हणाली. “इसम म्हंजी माजा मालक. त्येचं डोस्कं माज्या मांडीवर व्हतं. तिकिट काडलं व्हतं दोगांचं. बशीत अजून बावीस मानसं व्हती, नावं सांगू?”

“सांगा,” अधिकारी म्हणाले.

तिनं सांगितली. कोणाची सून, कोणाचा थोरला, एकेक करून, कुठेही न अडखळता. काही नावांना मागच्या रांगांतून कोणी तरी ‘माजी आजी’, ‘आमचे अप्पा’ म्हणत होतं. कारकून लिहीत होता. बावीस झाल्यावर अधिकाऱ्यांनी त्याला पुढचं सांगितलं, की गेटचा रस्ता सार्वजनिक वाहतुकीचा असल्याचं दिसून येत असल्यानं जिन्याचा प्रस्ताव बाजूला ठेवून भुयारी मार्गाचा आराखडा सादर करावा. वाक्य लांबलचक होतं. कळायला लोकांना वेळ लागला.

बाहेर आलो तर सयाजी रिक्षाजवळ उभा होता. वस्तीतली पोरं फटाके आणायला धावली होती, त्याच्याजवळ कोणी नव्हतं. बजाबाई जिना उतरून त्याच्यासमोर थांबली.

“मावशी, बसा,” तो म्हणाला.

“आज तुज्या रिक्षात बसनार न्हाय,” ती म्हणाली. “उद्याचं उद्या बगू.”

आणि ती चालायला लागली. सयाजीनं रिक्षा सुरू केली नाही. हँडल धरून ती ढकलत तो तिच्यामागे निघाला. तिच्या गुडघ्यांच्या चालीनं, दहा पावलं अंतर ठेवून, भर दुपारी, भर रस्त्यात. मागून बसवाले हॉर्न वाजवत होते. मी दोघांनाही सांगून बघितलं, की वस्ती इथून तीन किलोमीटर आहे. कोणी ऐकलं नाही, तेव्हा मागून मीही रिक्षाला हात लावला.